राणीने ट्रॉफी दिली, घरभाडं कोण देणार?

परवा एका सत्काराची बातमी लिहीत होतो. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, मान्यवरांची नावं. वीस वर्षं हेच लिहितोय, बोटांना पाठ झालंय. निघताना ती खेळाडू मुलगी हळूच म्हणाली, "सर, बुटांचं पण लिहाल का? फाटलेत." मी लिहिलं नाही. नंतर तिला जागा नव्हती असं सांगितलं. खोटं सांगितलं.

रात्री अल्थिया गिब्सन आठवली.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेली काळी पोरगी. रस्त्यावर पॅडल टेनिस खेळत शिकली. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार काळ्यांना बंद होतं. १९५० साली ॲलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने एका टेनिस मासिकात आपल्याच लोकांची खरडपट्टी काढली, तेव्हा कुठे तिला प्रवेश मिळाला. (लिहिल्याने कधीतरी काही होतं, त्याचा हा पुरावा. आमच्या धंद्यात असे पुरावे रोज मिळत नाहीत.)

पुढे सरकारने तिला सदिच्छा दौऱ्यावर आशियात फिरवलं, भारतातही. १९५६ला ती फ्रेंच स्पर्धा जिंकली. १९५७ आणि १९५८, दोन्ही वर्षी विम्बल्डनही आणि अमेरिकनही. १९५७ला विम्बल्डनची ट्रॉफी खुद्द एलिझाबेथ राणीच्या हातून. न्यूयॉर्कला परतल्यावर कागदाच्या फितींचा पाऊस पाडत जंगी मिरवणूक.

बक्षिसाची रक्कम? शून्य. या स्पर्धा तेव्हा हौशींच्या होत्या, खेळायचे पैसे घेतले की बाहेर.

मग पोटासाठी काय नाही केलं तिने! गाण्यांची रेकॉर्ड काढली. जॉन वेनच्या सिनेमात छोटं काम केलं. बास्केटबॉलच्या तमाशाआधी प्रेक्षकांसाठी टेनिस खेळून दाखवलं. सदतिसाव्या वर्षी व्यावसायिक गोल्फमध्ये उतरली, तर काही क्लब आत घेईनात. कपडे गाडीत बदलायचे. १९६८ला टेनिसमध्ये उघड पैसा आला तेव्हा ही चाळिशी ओलांडलेली.

नव्वदच्या दशकात आजारी पडली. औषधाला, भाड्याला पैसे नाहीत. तिने इंग्लंडमध्ये अँजेला बक्स्टनला फोन केला. १९५६ला विम्बल्डनची दुहेरी दोघींनी मिळून जिंकलेली. अँजेलाने एका टेनिस मासिकात पत्र छापून आणलं आणि जगभरातून पाकिटं येऊ लागली. जवळपास दहा लाख डॉलर जमले. २००३ला ती गेली.

आज सकाळी त्या मुलीला फोन केला. पाच नंबरचे बूट लागतात. मी बघतोयच, पण स्पाइक्सचा भाव कुणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.