रमजानच्या आधी बघून घेतलेले सिनेमे

रमजान जवळ आला की आमच्या घरात दोन कामं एकदम निघतात. शेवया-खजुराची यादी करायची आणि राहिलेले सिनेमे बघून संपवायचे. चाँद दिसला की टीव्हीवर कापड पडतं, ते ईदलाच निघतं. यंदा रमजान फेब्रुवारीतच लागतोय. म्हणून गेला महिनाभर इशाची नमाज आणि जेवणं उरकली की रोजचा सवाल, "आज कुठला?"

सिनेमा बघावा की बघू नये हा वाद मी इथं काढत नाही. ज्या घरांत बघतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्या घरांत बघत नाहीत तिथली पोरं मोबाइलवर काय बघतात, ते त्यांच्या आयांना माहीत आहेच.

बघणारे आम्ही पाच जण. मी, आमचे हे, अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, कॉलेजात जाणारा लेक आणि अकरावीतली लेक. जानेवारीत सहावी भर पडली, अम्मांच्या नणंदेची. त्या आमच्या यांच्या फुफी, म्हणून घरात सगळ्यांच्याच फुफी. त्यांच्याबद्दल पुढं सांगते.

'धुरंधर' लेक मित्रांबरोबर थिएटरात बघून आला, आम्ही मागाहून घरी बघितला. साडेतीन तासांचा सिनेमा, दोन रात्रींत संपवावा लागला. कराचीचा ल्यारी भाग बँकॉकमध्ये सेट लावून उभा केलाय म्हणे. केलाय मात्र हुबेहूब, आणि अक्षय खन्नाचं काम झकास. त्याच्या प्रवेशाला बहरीनच्या एका रॅपरचं अरबी गाणं आहे. अरबी शब्द कानावर पडताच अम्मांनी डोक्यावर पदर घेतला आणि मग समोरचा नाच बघून परत खाली सोडला. रक्तपात मला सोसला नाही, पण तो सोसणाऱ्यांसाठीच सिनेमा काढलाय. माझी तक्रार निराळी आहे. सिनेमा लागला त्या आठवड्यापासून कॉलेजात माझ्या लेकाचं नाव 'रहमान डकैत' पडलं. मित्रच म्हणतात, प्रेमानंच म्हणतात. तोही हसतो, "मम्मी, अक्षय खन्ना म्हणतायत, वाईट काय त्यात?" वाईट काही नाही. पण त्याच वर्गातल्या पोरांनी स्वतःसाठी हीरोचं नाव घेतलं आणि याच्या वाट्याला डकैत आला, एवढं मला दिसतं. या नावाकडं पुढं परत यायचंय.

'हक' आम्ही नेटफ्लिक्सवर बघितला. शाहबानोच्या खटल्यावर बेतलेला, सुपर्ण वर्मांनी केलेला हा सिनेमा गेल्या नोव्हेंबरात आला होता. यामी गौतम आणि इम्रान हाश्मी, दोघांचीही कामं चांगली आहेत. इम्रान हाश्मीचा वकील नवरा तर असा मऊ बोलतो की अंगावर काटा येतो. ओरडणाऱ्या नवऱ्यापेक्षा मऊ बोलणारा नवरा जास्त भीतीदायक असतो, हे सिनेमावाल्यांना बरोबर कळलंय.

पण एक गोष्ट खटकली. सिनेमातली शाझिया बानो तरुण आहे, देखणी आहे, पदरात लहान पोरं आहेत. खऱ्या शाहबानो इंदूरच्या. लग्न १९३२ सालचं, घराबाहेर काढलं १९७५ साली. म्हणजे त्रेचाळीस वर्षांचा संसार आणि पाच मुलं मागं टाकून साठीला टेकलेली बाई रस्त्यावर आली. खालच्या कोर्टानं महिना २५ रुपये पोटगी दिली, हायकोर्टानं ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि तेवढ्यासाठी वकील नवरा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २३ एप्रिल १९८५ ला निकाल तिच्या बाजूनं लागला. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. ती वीस पैशांची बारीक नोंद मला सगळ्या सिनेमापेक्षा बोलकी वाटते. म्हातारी बाई पडद्यावर चालत नाही असं निर्मात्यांना वाटलं असणार. पण तरुण बाईला सोडलं तर बघणारा म्हणतो, हिचं पुढं काहीतरी होईल. साठीच्या बाईचं पुढं काय होणार? खटल्याचा सगळा चटका तिथं होता, तो कमी झाला.

सिनेमा संपायला आला. यामी गौतम कोर्टात उभी राहून लांबलचक बोलते, सगळे ऐकत राहतात. माझी लेक रडत होती. फुफी मात्र सरळ बसून बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "इतकं बोलू देतात होय? मला तर नाव विचारलं आन् म्हणाले, बसा बाई."

आमच्या लेकीला हे ठाऊकच नव्हतं. फुफींना १९८३ साली रजिस्टर पोस्टानं तलाक आला होता. पोस्टमनला सही करून त्यांनी लिफाफा घेतला आणि कागद शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला. पदरात एक मुलगी. भावानं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तालुक्याच्या कोर्टात पोटगीचा अर्ज टाकला. तारखा पडत राहिल्या. मध्येच शाहबानोचा निकाल आला, वकील म्हणाले, आता आपलंही होणार. मग १९८६ चा नवा कायदा आला. त्यात एक कलम होतं, कोर्टात आधीपासून पडलेले असे अर्जही या नव्या कायद्याप्रमाणंच निकाली काढायचे. फुफींचा अर्ज त्यात गेला. हातात आले मेहेरचे ५२५ रुपये आणि इद्दतचा खर्च. त्यातून त्यांनी शिलाई मशीन घेतलं. पुढं तीस वर्षं झबली, परकर, ब्लाउज शिवून मुलीचं शिक्षण केलं, लग्न केलं.

"त्या बाईच्या साड्या बघ," फुफी म्हणाल्या, "कोर्टात जायला माझ्याकडं एकच होती. तारखेला धुवायची, तारखेला नेसायची. शिपाई पण ओळखायचा त्या साडीवरनं."

त्या रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही जागे होतो. लेकीनं मोबाइलवर शोधून सांगितलं की १० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा स्पष्ट केलंय, तलाक झालेली मुसलमान बाईसुद्धा फौजदारी कायद्याच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. फुफींनी विचारलं, "मागच्यांना पण?" कोणाला काही बोलता आलं नाही. आमचे हे उठून पाणी प्यायला गेले. अम्मा मात्र नणंदेकडं बघत एवढंच म्हणाल्या, "तेव्हा मी तुला म्हटलं होतं, जाऊ दे, कोर्ट-कचेरी नको. तुझ्या भावानं ऐकलं नाही ते बरं केलं." चाळीस वर्षांत या दोघी या विषयावर बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. आपल्या घरांत अशा फुफी पुष्कळ असतात, आणि त्यांच्यासमोर सगळे इतर विषय काढतात. म्हणून सांगते, 'हक' आई-आजीबरोबर बसून बघा. मुलीच्या निकाहनाम्यात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचायची सुबुद्धी झाली तर उत्तमच.

'होमबाउंड'ची गोष्ट वेगळी. 'मसान'वाल्या नीरज घायवान यांचा हा सिनेमा. भारतातर्फे ऑस्करला गेला, शेवटच्या १५ चित्रपटांच्या यादीपर्यंत पोचला. शोएब आणि चंदन, एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलीस व्हायचंय. वर्दी अंगावर आली की कोणी नाव-आडनाव विचारणार नाही, एवढंच त्यांचं स्वप्न. मग सुरतच्या गिरण्या, मग लॉकडाऊन. मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या रस्त्याच्या कडेला एक तरुण आजारी दोस्ताचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय, तो फोटो आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितला होता. त्या दोघांची ही गोष्ट.

त्यात ऑफिसातला एक प्रसंग आहे. शोएब शिपाई म्हणून लागलाय, पाण्याच्या बाटल्या भरतोय, आणि एक जण त्याला आपली बाटली भरू देत नाही. मारामारी नाही, शिवी नाही. एक बाटली बाजूला होते, बस्स. आमचे हे बत्तीस वर्षं नोकरी करतायत. तो प्रसंग आला आणि ते म्हणाले, "हं." त्या 'हं'चा अर्थ मी विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही. सेन्सॉर बोर्डानं या सिनेमातून बऱ्याच जागा कापायला लावल्या, त्यात आलू-गोभीचा उल्लेख असलेलं एक वाक्यही गेलं म्हणतात. बटाटा आणि फ्लॉवरनं कोणाचं काय बिघडवलं, हे मला अजून उमगलेलं नाही. भाजीचं जाऊ द्या, बाटली राहिली हे नशीब.

दोन घरांच्या दोन आया या सिनेमात आहेत, त्या मला आपल्या वाटल्या. पडद्यावरचं मुसलमान घर म्हटलं की आजवर काय असायचं? झुंबर, शेरवानी, पानदान, "तशरीफ रखिये". 'मेरे महबूब'पासून तेच. लखनौच्या नवाबांशी माझं वैर नाही, पण आमच्या मिरजेकडं कोणी तशरीफ ठेवत नाही. लोक आत येतात, चप्पल काढतात, सतरंजीवर बसतात आणि चहा मागतात. घरी दखनी, बाहेर मराठी, आणि भांडण जोरात आलं की दोन्ही.

म्हणून गेल्या वर्षीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आम्ही यंदा दुसऱ्यांदा बघितला. रीमा कागती यांचा हा सिनेमा थिएटरात कधी आला नि कधी गेला कळलं नाही. मालेगावचे नासिर शेख, व्हिडिओ पार्लर चालवणारे. हाताशी ना पैसा ना यंत्र, तरी त्यांनी गावातलेच यंत्रमाग कामगार घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. मागांना शुक्रवारी सुट्टी, म्हणून तिथं सिनेमाला गर्दी शुक्रवारी. मालेगाव म्हटलं की पेपरात काय येतं ते आपल्याला पाठ आहे. इथं त्याच गावातली माणसं सायकलवरून शूटिंग करतायत, दोस्तीत रुसतायत, एक दोस्त कर्करोगानं जातोय आणि जाण्याआधी त्याला सुपरमॅन करून उडवतायत. अम्मांना सगळ्यात आवडला तो हाच. "हे आपले लोक दिसतात," म्हणाल्या. घरात आईच्या डोक्यावर साधी ओढणी आणि भिंतीवर सुताचा धुरळा, एवढ्यावर त्यांनी ओळखलं.

मराठी सिनेमात तर आपला माणूस आला की तुटकं हिंदी बोलायला लागतो. शेजारी सगळे मराठी आणि हा एकटाच "क्या बोलता भाऊ". अपवाद एक, 'सैराट'मधला सल्या. अरबाज शेखनं केलेला सलीम बाकी पोरांसारखंच करमाळ्याकडचं मराठी हेल काढून बोलतो, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. २०१६ सालापासून मी दुसरा सल्या शोधतेय. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी आलेला 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' त्याच आशेनं बघितला. मी स्वतः मराठी शाळेत शिकवते, दर जूनला पट मोजताना पोटात गोळा येतो. त्यामुळे बंद पडणाऱ्या शाळेसाठी जुने विद्यार्थी जमतात ही गोष्ट मला भावली. सचिन खेडेकर मुख्याध्यापक म्हणून पटतात. पण माझ्या वर्गात हजेरीला 'मुल्ला', 'बागवान', 'शिकलगार' ही नावंही मराठीतच ओ देतात. ती पोरं पडद्यावर यायला हवीत.

आता पुढं येणारे. 'धुरंधर'चा दुसरा भाग १९ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी. ईदही त्याच आठवड्यात. लेकानं ईदीचे पैसे आत्तापासून त्यासाठी धरलेत, मी तोंड उघडलेलं नाही. वर्षाअखेर शाहरुखचा 'किंग' येणार. त्याला आमच्या लेकीची हजेरी पहिल्या दिवशी, अंगात ताप असला तरी. दिवाळीला रणबीर कपूरचा 'रामायण'. संगीताला ए. आर. रहमान आहेत. अम्मा वाट बघतायत. १९८७ साली रविवारी सकाळी शेजारच्या कुलकर्ण्यांच्या टीव्हीपुढं जागा धरून बसणाऱ्यांत त्या पहिल्या असायच्या. त्यांचं म्हणणं, नवा कसाही असो, अरुण गोविलची सर यायची नाही.

मी वाट बघतेय ती 'खालिद का शिवाजी'ची. राज प्रीतम मोरे यांचा मराठी सिनेमा. विदर्भातला पाचवीतला खालिद, वर्गातली मुलं त्याला चिडवतात, म्हणून तो स्वतःच शिवाजी महाराजांचा शोध घ्यायला निघतो. ८ ऑगस्ट २०२५ ला लागणार होता. इतिहासावरून वाद झाला, प्रदर्शन अडलं. आमच्या गावात तो अजून आलेला नाही. सैन्यात कोण किती होते ते इतिहासकारांनी कागद घेऊन भांडावं. मला खालिद बघायचाय. माझ्या घरात एक 'रहमान डकैत' जेवायला बसतो रोज.

आणि एक सिनेमा कोणीच काढत नाही. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुसलमान बायका तलाकविरोधात मोर्चा घेऊन विधानभवनावर गेल्या होत्या. सोबत चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. दलवाईंचं नाव आलं की आपल्यात काही जण मासिक खाली ठेवतात. ठेवू नका, त्यांची मतं बाजूला ठेवून त्यांची 'इंधन' कादंबरी वाचा. कोकणातलं गाव, त्यातली मुसलमान घरं, आणि सगळी मराठीत. पण मला हवाय तो सिनेमा त्या सात जणींचा. शाहबानोच्या निकालाच्या एकोणीस वर्षं आधी त्या घरून काय सांगून निघाल्या असतील, नेसायला काय होतं, परत गेल्यावर दार कोणी उघडलं. मी हे बोलले तेव्हा लेकीनं लगेच यामी गौतमचं नाव सुचवलं. फुफी सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "एखादी म्हातारी पण घ्या म्हणावं त्यात."