चार सेकंदांचा थांबा

चेन्नईहून नेल्लोरच्या वाटेने उत्तरेकडे सुमारे ऐंशी किलोमीटर गेले, की सुल्लुरपेटा हे आंध्रातील छोटेसे गाव लागते. तेथून पूर्वेस वळणारा रस्ता थोड्याच वेळात चक्क पाण्यात शिरतो. दोन्ही बाजूंस पुलिकत सरोवराचे उथळ, मचूळ पाणी पसरलेले असते. हिवाळ्यात गेलात तर त्यात एका पायावर उभे असलेले रोहित पक्ष्यांचे थवे दिसतील. ऐन उन्हाळ्यात पाणी ओसरते आणि कित्येक ठिकाणी भेगाळलेला तळ उघडा पडतो. हे पाणी ओलांडले, की एक लांबट, अरुंद बेट येते. त्याच्या पलीकडे बंगालचा उपसागर. हेच श्रीहरिकोटा. १९७१ च्या ऑक्टोबरपासून येथून अग्निबाण आकाशात जात आहेत, आणि २००२ पासून या केंद्रास सतीश धवन यांचे नाव आहे.

वाचकहो, येथे येणारा प्रवासी अग्निबाण पाहावयास येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अग्निबाण दोन-चार मिनिटांत दिसेनासा होतो. याच बेटावर एक रडार मात्र दिवसरात्र आकाशाकडे पाहू शकते, आणि माझ्या मते आपण त्याची ओळख करून घ्यावी. त्याच्या विशाल फलकावर हजारो लहान आकाशक बसविलेले आहेत. फलक न फिरवताही त्याचा किरण विजेच्या साह्याने क्षणात इकडून तिकडे वळविता येतो. म्हणून ते एकाच वेळी दहा वस्तूंचा माग घेऊ शकते. आठशे किलोमीटर अंतरावरची, साधारण हातभर लांबीरुंदीचीही नसलेली वस्तू त्यास दिसते.

एवढ्या लहान वस्तूची चिंता कशासाठी, असे आपण विचाराल. पृथ्वीभोवती खालच्या कक्षांत फिरणारी वस्तू सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावते. बंद पडलेले उपग्रह, रिकामे झालेले अग्निबाणांचे टप्पे आणि त्यांच्या ठिकऱ्या असा हा सारा केर आहे. दहा सेंटिमीटरांहून मोठ्या अशा वस्तूच तीस हजारांवर आहेत. त्यांहून लहान असंख्य तुकडे तर कोणत्याही रडारास नीट दिसत नाहीत. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा चालू स्थितीतील इरिडियम उपग्रह आणि रशियाचा निकामी कॉसमॉस उपग्रह एकमेकांवर आदळले. दोन्हींचा चुरा झाला, आणि प्रत्येक तुकडा नव्या धडकेचे कारण होऊन बसला.

आता चंद्रयान-३ च्या प्रक्षेपणाकडे वळू. १४ जुलै २०२३ च्या दुपारी सारी सिद्धता झाली असता उड्डाणाची वेळ चार सेकंदांनी पुढे ढकलण्यात आली. आपण म्हणाल, चार सेकंदांत काय होते? या वेगाने चार सेकंदांत वस्तू तीस किलोमीटर पुढे निघून जाते. मार्गात आडवी येऊ शकणारी वस्तू तेवढ्यात वाट सोडून देते! त्याच महिन्याच्या ३० तारखेस दुसरे एक उड्डाण साडेसहा ऐवजी सहा वाजून एकतीस मिनिटांनी झाले, त्याचे कारणही हेच.

प्रक्षेपणापूर्वी थांबता येते. कक्षेत गेलेल्या उपग्रहास थांबता येत नाही. त्यासाठी आपणांस बंगळूरच्या पीण्या भागात जावे लागेल. पीण्या म्हणजे कारखान्यांची वसाहत. लेथ आणि लोखंडाच्या त्या गजबजाटातच उपग्रहांशी बोलणारे केंद्र आहे, आणि २०२२ च्या जुलैपासून अवकाशातील सुरक्षिततेची व्यवस्था पाहणारी यंत्रणाही तेथेच आहे. अमेरिकेकडून येणाऱ्या सूचना आणि आपली स्वतःची निरीक्षणे यांची येथे सांगड घालतात. इशारे फार येतात. मात्र प्रत्येक इशाऱ्यास घाबरून उपग्रह हलविणे परवडणारे नाही, कारण हलविणे म्हणजे इंधन जाळणे, आणि वर इंधन भरण्याची सोय नाही. इंधन संपले की उपग्रहाचे आयुष्य संपले. कोळ्यांना मासे कोठे मिळतील हे सांगण्यासाठी समुद्राचा रंग टिपणारा ओशनसॅट घ्या. त्याचे इंधन म्हणजे किनाऱ्यावरील होड्यांचे दिवस. म्हणून ताज्या निरीक्षणांची शक्य तितकी वाट पाहतात, आणि धोका खरोखर उरलाच तर उपग्रहास अगदी हलका धक्का देतात. नव्या वाटेवर दुसरेच काही आडवे येत नाही ना, हेही आधी तपासून घेतात. २०२३ साली असे धक्के तेवीस वेळा द्यावे लागले.

गंमत अशी, की चंद्राभोवतीही हा प्रसंग ओढवला आहे. १८ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेच्या चांद्रयानाची वाट चुकविण्यासाठी चंद्रयान-२ ला बाजूस सरावे लागले.

हा केर केवळ परक्यांचा नाही, हे सांगितलेच पाहिजे. २२ ऑक्टोबर २००१ रोजी याच श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अग्निबाणाचा चौथा टप्पा डिसेंबरात, उरलेल्या इंधनामुळे, कक्षेतच फुटला आणि त्याचे तीनशेंहून अधिक तुकडे नोंदले गेले. मार्च २०१९ मध्ये आपण आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने पाडून दाखविला. उंची मुद्दाम कमी ठेवली होती खरी. तरी काही तुकडे वर उडालेच, आणि ते सारे खाली येण्यास काही वर्षे लागली. २००१ च्या स्फोटानंतर मात्र काम झालेल्या टप्प्यातील उरलेले इंधन बाहेर सोडून देण्याची पद्धत पडली.

मेघा-ट्रॉपिक्स हा फ्रान्सच्या सहकार्याने बनविलेला उपग्रह २०११ साली याच बेटावरून गेला होता. काम संपल्यावर तो तसाच सोडला असता, तर शंभराहून अधिक वर्षे वर फिरत राहिला असता. त्यास नियंत्रितपणे खाली आणण्याची योजना मुळात नव्हतीच. पण टाकीत इंधन पुष्कळ शिल्लक होते. ऑगस्ट २०२२ पासून त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने उतरवीत आणली, आणि ७ मार्च २०२३ रोजी प्रशांत महासागराच्या निर्जन भागावर तो वातावरणात शिरून जळून गेला.