मनगटावरचा करंट

अकोल्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. कापूस वेचून आखडलेली कंबर घेऊन आलेली बाई असो की गुडघा धरून आलेले आजोबा, दारातूनच म्हणतात, "करंट लावून द्या जी." त्या मशीनवर माझं घर उभं राहिलं. तरी अमरावतीहून धाकट्या बहिणीनं फोनवर विचारलं, "दादा, मनगटाले करंट देल्यानं मान उडनं कमी होते म्हन्तात, खरं हाय का?" तेव्हा मी तिला तोडून टाकलं. म्हटलं, मान मेंदू उडवतो, मनगट नाही. असल्या गोष्टींच्या नादी लागू नकोस. तिनं फोन ठेवला आणि पुन्हा विचारलं नाही.

तिच्या मुलाला, माझ्या भाच्याला, सहाव्या वर्षी डोळे मिचकावायची सवय लागली. चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पुढे खाकरणं सुरू झालं, मग मान उडायला लागली. आईनं नजर काढली. मी शिकलेला माणूस, मी म्हणालो, "खोड आहे."

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तो माझ्याकडे आला होता. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजेश्वराला निघालेल्या पालख्या बघायला आम्ही उभे होतो. त्याची मान सारखी उडत होती, लोक वळून बघत होते. मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि म्हणालो, "आता पुरे." त्यानं दात आवळून बराच वेळ आवरलं. रात्री मात्र अंथरुणात त्याची मान किती तरी वेळ उडत राहिली. मी जागाच होतो. मग तो हळूच म्हणाला, "मामा, मी मुद्दाम नाही करत जी. आतून खाजवल्यासारखं होते. मान उडवली का थांबते. मंग पुन्हा येते."

त्या रात्रीनंतर मी वाचायला बसलो. अशा आपोआप होणाऱ्या झटक्याला टिक म्हणतात. ही आतली खाज, टिकच्या आधीची ओढ, वैद्यकाला चांगली माहीत आहे. झिल द ला तुरेत यांनी 1885 साली नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं टिक्सचा हा आजार ओळखला जातो. पण मला हलवलं ते माझ्याच कॉलेजच्या पुस्तकानं. मनगटाशी मिडियन नर्व्हला करंट दिला की सुमारे 20 मिलिसेकंदांत विरुद्ध बाजूच्या मेंदूवर त्याचा तरंग उमटतो. ही तपासणी मी परीक्षेसाठी पाठ केली होती. मनगटाचा करंट मेंदूपर्यंत जातो हे मला ठाऊक होतं, आणि बहिणीला मी नेमकं उलटं सांगितलं होतं.

इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या स्टीफन जॅक्सन यांच्या गटानं याच वाटेनं विचार केला. हालचाल रोखून धरताना मेंदूच्या हालचालीच्या भागात एक ठरावीक लय असते, ती बाहेरून ठोके देऊन वाढवता येईल का? 2020 साली त्यांनी 19 रुग्णांना मनगटावर असे ठोके दिले, तेव्हा टिक्स कमी झाल्या. मग घड्याळासारखं मनगटावर बांधायचं उपकरण आलं. 121 जणांनी घरीच चाचणी दिली. ज्यांना खरा करंट मिळाला ते रोज 15 मिनिटं, चार आठवडे तो घेत होते. त्यांच्यातल्या 59 टक्के लोकांच्या टिक्स किमान चतुर्थांशानं कमी झाल्या. निकाल 2023 साली आला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. दिवाळीत तो आला, तेव्हा दवाखान्यात नेऊन त्याच्या उजव्या मनगटावर मी पॅड चिकटवले. मशीनची लय 10 हर्ट्झवर आणली. बटणावर बोट होतं आणि मला अमेरिकेतल्या सेंट लुईसचा अभ्यास आठवला. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात 32 जणांना एकदा लयबद्ध आणि एकदा लय नसलेला करंट देऊन बघितलं. फरक दोन्हीकडे सारखाच. म्हणजे गुण लयीचा की नुसत्या करंटचा, की कोणीतरी आपल्यासाठी काही करतंय या भावनेचा, हेच अजून पक्कं नाही. नॉटिंगहॅमच्या चाचणीत 12 वर्षांखालची मुलं नव्हती. हा दहाचा. मी पॅड काढले. त्यानं विचारलं, "काहून काढले?" मी म्हणालो, "मले अजून नीट माहीत नाही, बेटा."

आता बहिणीला मी हेच सांगितलंय: तू विचारलंस ते बरोबर होतं, मी घाईनं नाही म्हणालो, आणि आज हो म्हणायचीही घाई करणार नाही. मधल्या काळात मानसोपचारतज्ज्ञांनी शिकवलेला व्यायाम आम्ही करतो. ओढ आली की हनुवटी जराशी आत, मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे, ओढ ओसरेपर्यंत. मान कुठे ताणायची, किती ताणायची, एवढं तर मला नक्की येतं. तो महिन्यातून एकदा येतो, त्याच खुर्चीवर बसतो. गेल्या वेळी मध्येच मान उडाली, त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्यानं पुन्हा हनुवटी आत घेतली.