वाक्यातला कर्ता



काही तारखा पाहता पाहता शब्द होऊन बसतात. ‘सव्वीस अकरा’ हा असाच एक शब्द. उच्चारताना आपल्या मनात ना सव्वीस हा आकडा असतो, ना अकरा. असते ती २६ नोव्हेंबर २००८ची बुधवारची रात्र. त्या वेळी पाळण्यातही नसलेली मुले आज महाविद्यालयात येतात आणि तीही हा शब्द बिनचूक वापरतात. शब्द पुढच्या पिढीच्या हाती पडतो. पण त्याच्या आतला ऐवज त्याच्याबरोबर जातोच असे नाही. तो शब्द तुमच्यासमोर थोडा उघडून ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेख आहे. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी त्या रात्री मुंबईत अनेक ठिकाणी हल्ले केले. छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालयाचा परिसर, लिओपोल्ड कॅफे, ताज आणि ओबेरॉय-ट्रायडंट ही हॉटेले, नरिमन हाऊस ही नावे तुम्हाला ठाऊक असतील. २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताजमधली शेवटची चकमक संपली, तेव्हा १६६ माणसे प्राणांस मुकली होती आणि तीनशेच्या आसपास जखमी झाली होती.

अशा प्रसंगी सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांना इंग्रजीतून आलेला ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा शब्द आता आपल्या वर्तमानपत्रांतही दिसतो. त्यासाठी मराठी नाम शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जे घडवले ते कागदावर शोभले, जिभेवर बसले नाही. मग लक्षात आले, की मराठीने ही माणसे नामात ठेवलेलीच नाहीत. ती क्रियापदात ठेवली आहेत. आपण म्हणतो, ‘तो धावून आला.’ संकटात सापडलेला माणूस ओरडतो, ‘धावा, धावा!’ देवाला आळवणे म्हणजे देवाचा ‘धावा’ करणे. हाकेचे नाव आणि त्या हाकेला दिलेले उत्तर आपल्या भाषेत एकाच धातूपासून निघाले आहे. संकटापासून दूर जाण्यासाठी मात्र आपल्याकडे निराळे क्रियापद आहे, ‘पळा’. पाय दोन्हीकडे तितक्याच वेगाने पडतात. दिशा तेवढी उलट असते.

त्या रात्री ज्यांनी ‘पळा’ हा शब्द पाळला, त्यांचे काही चुकले नाही. निःशस्त्र प्रवाशाने गोळीबारापासून पळावे, हेच योग्य. पण त्याच घटकेस काही जणांच्या कानी ‘धावा’ हा शब्द पडला होता. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षात बसून राहिले आणि ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना पुन्हा पुन्हा देत राहिले. रोज गाड्यांच्या वेळा सांगणारा तो आवाज त्या रात्री किती जणांना वाट दाखवून गेला, याची मोजदाद कोण करणार? कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातील वीस गर्भवती स्त्रियांना एका लहान खोलीत हलवले आणि दारे लावून घेतली. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना त्याच रुग्णालयाजवळच्या गल्लीत मरण आले. मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या स्वतःच्या देहावर घेतल्या आणि ती सोडली नाही. म्हणूनच सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आले आणि पुढे न्यायालयात त्याच्यावर खटला चालू शकला. साताऱ्याकडच्या केडंबे गावच्या या माणसाला २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्ये आणि हवालदार गजेंद्रसिंह बिश्त नरिमन हाऊसमध्ये कामी आले.

ही नावे आपल्याला मिळाली. आता ज्याचे नाव मी लिहिणार नाही, अशा एकाविषयी सांगते.

या घटनेनंतर तीन-चार वर्षांनी मी एका अभ्यासकेंद्रात रविवारच्या संपर्कसत्रांना शिकवायला जात असे. वर्गात तुमच्यासारखेच विद्यार्थी होते. कोणी रात्रपाळी करून आलेले, कोणी मुलाला शेजारी सोपवून आलेल्या. ‘विसरता न येणारी रात्र’ या विषयावर मी निबंध लिहायला दिला होता. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका विद्यार्थ्याने जेमतेम अर्धे पान लिहून दिले. त्यातली वाक्ये मला अजून आठवतात. “रात्री वर्दी आली. गाडी काढली. वरच्या मजल्यांवर धूर होता. आत गोळीबार चालू होता. शिडी लावली. माणसे उतरवली. शिडी हलवली. पुन्हा लावली. माणसे उतरवली. सकाळ झाली.”

मी लाल शाईने शेरा दिला : ‘वर्णन त्रोटक. भावनांचा अभाव. वाक्यांत कर्ता लिहा.’ आणि गुण कापले.

पुढच्या रविवारी तो वही घेऊन समोर उभा राहिला. तक्रार करायला नव्हे, शंका विचारायला. तो अग्निशामक दलात होता, हे मला त्या दिवशी कळले. तो म्हणाला, “मॅडम, कर्ता म्हणून कोणाला लिहू? शिडी एकटा कोणी लावत नाही. खाली धरणारे असतात, वर चढणारा असतो, गाडीवर चालक असतो. ‘मी’ लिहिले तर खोटे होईल. ‘आम्ही’ लिहिले, तर त्या रात्री दुसऱ्या बाजूला जे होते, ते राहून जातील.”

व्याकरण शिकवणाऱ्या बाईला उत्तर सुचले नाही. मी विचारले, “ज्यांना उतरवले, त्यांपैकी कोणी नंतर भेटले का?” तो म्हणाला, “नाही. त्यांची नावे मला माहीत नाहीत, माझे त्यांना नाही. खाली उतरले, एवढे पुरे.”

घरी येऊन मी ती वाक्ये पुन्हा वाचली. प्रयोगाचा पाठ तुम्ही या अभ्यासक्रमात शिकलाच आहात. ‘माणसे उतरवली’ हा कर्मणी प्रयोग आहे. तेथे क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही, कर्माच्या मागे जाते. माणूस उतरवला, बाई उतरवली, मूल उतरवले. उतरवणारा एक असो वा दहा, पुरुष असो वा स्त्री, क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नसते. ज्याला उतरवले, त्याच्याप्रमाणे ते रूप घेते. हा नियम मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. तो अर्धे पान भरून कोणी जगलेला असू शकतो, हे मला दिसले नव्हते. त्या पानात भावनांचा अभाव नव्हता. लिहिणाऱ्याने स्वतःला बाजूला केले होते, इतकेच. हाती शस्त्र नसताना, आत गोळ्या चालत असताना शिडीवर चढणाऱ्याची भाषा तशीच असणार.

मी गुण दुरुस्त केले आणि शेराही खोडला. पण त्या शेऱ्यातले शेवटचे वाक्य पुसून टाकावे की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. आज मला वाटते, की ते चुकीच्या माणसाला उद्देशून लिहिले गेले होते. जो धावून गेला, त्याने वाक्यातून स्वतःला वगळले तर तो त्याचा अधिकार आहे. आपण मागाहून आठवण काढणारे. आपल्याला ती मुभा नाही. ‘त्या रात्री अनेकांचे प्राण वाचले’ असे आपण सहज लिहून जातो. प्राण आपोआप वाचत नाहीत. ते कोणी तरी वाचवलेले असतात. तो उद्घोषक, ती परिचारिका, तो लाठीधारी पोलीस, शिडी धरणारे ते सारे हात आपल्या वाक्यात यायला हवेत. नाव ठाऊक असेल तर नावाने, नसेल तर कामाने.

तुमच्यापैकी कोणी पोलिसात असतील, कोणी रुग्णवाहिका चालवत असतील, कोणी रुग्णालयात रात्रपाळी करत असतील. तुमच्या वहीतही अशी अर्धी पाने असतील. ती जशी आहेत तशी राहू द्या. इतरांनी मात्र या पाठानंतर एवढे करावे : आपल्या गावातल्या, गल्लीतल्या एखाद्या संकटात जो धावून आला, त्याच्याविषयी दहा वाक्ये लिहावीत, आणि प्रत्येक वाक्यात कर्ता लिहावा.