रबराची पारख
टेबल टेनिसच्या बॅटीस लावावयाचें रबर वेष्टनावरील वेगाचे आंकडे वाचून निवडावें, हें आम्हांस पटत नाहीं. चेंडू रबरांत क्षणभर रुततो कीं लागतांच उसळतो, हें तळहातास कळतें, कानासही कळतें. १९५२ सालीं मुंबईस भरलेल्या जागतिक स्पर्धेंत जपानच्या हिरोजी सातो यांनीं जाड स्पंजाच्या बॅटीनें अजिंक्यपद मिळविलें. तिचा आवाज जवळजवळ होतच नसे. त्यामुळें आवाजावरून फटका ओळखणारे भलभले खेळाडू गोंधळले. पुढें १९५९ मध्यें रबर व स्पंज मिळून ४ मिलिमीटरांची मर्यादा आली. आमचे विद्यार्थी आम्हांस जाड, वेगवान रबरच सुचवितात. पण वेगानें धाडलेला चेंडू वेगानेंच परततो, आणि पन्नाशीनंतर पाय तेथवर उशिरां पोहोंचतात! आम्ही दीड मिलिमीटरांचा मऊ स्पंज घेतला आहे. त्यावरून चेंडू हवा तेथें पडतो. जोराचे फटके मात्र प्रतिपक्षच मारतो.