पारध, शिकार आणि राखण



शब्दकोशात ‘मृगया’, ‘पारध’ आणि ‘शिकार’ हे शब्द समानार्थी म्हणून शेजारी शेजारी दिलेले आढळतात. त्यांची कुळे मात्र वेगळी आहेत. ‘शिकार’ फारसीतून आला. ‘मृगया’ संस्कृत, त्यातील ‘मृग’ म्हणजे मुळात कोणताही वन्य पशू, म्हणूनच सिंह ‘मृगेंद्र’ ठरतो. ‘पारध’ हा शब्द संस्कृत ‘पापर्द्धि’, प्राकृत ‘पारद्धि’ या वाटेने मराठीत उतरला. ‘पापर्द्धि’ची फोड ‘पाप’ आणि ‘ऋद्धि’ अशी होते. म्हणजे पापाची भरभराट. एकाच कृतीला एक शब्द राजाचा विहार ठरवतो आणि दुसरा तिच्यावर पापाचा शिक्का मारतो. समानार्थी शब्द एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात खरे, पण ते निरनिराळ्या जागी उभे राहून. हे मला प्रथम उमगले ते एका फार दूरच्या शेतावर.

विद्यार्थिदशेत एका आदानप्रदान योजनेतून मी काही महिने ऑस्ट्रेलियात होते. जुलै महिन्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, सुटी लागली आणि यजमान कुटुंबाने मला न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम भागातील आपल्या नातलगांच्या शेतावर नेले. ‘शेत’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बांध आणि विहीर उभी राहील. तिथे तांबडी माती, खुरटी झुडपे आणि लोकरीच्या मेंढ्या होत्या. विस्तार हजारो हेक्टरांचा आणि शेजारचे घर मोटारीने तासाभराच्या अंतरावर. अशा शेताला तिकडे ‘स्टेशन’ म्हणतात. एका कोरड्या ओढ्याच्या काठी आम्ही मुक्काम केला. कॅनव्हासमध्ये गुंडाळलेल्या अंथरुणाला त्यांचा शब्द ‘स्वॅग’. मला आजोळची वळकटी आठवली.

अंधार पडल्यावर ससे मारायला निघायचे होते. उघड्या गाडीत मागे उभे राहून दिवा फिरवण्याचे काम माझ्याकडे आले. झोतात डोळे चमकत, ससा क्षणभर थिजे आणि तेवढ्यात लहान बोअरची रायफल वाजे. मी घरच्या वृद्ध शेतकऱ्याला विचारले, “तुम्ही नेहमी असे हंटिंग करता?” ते म्हणाले, “हंटिंग हौसेचे असते. हे काम आहे.” या कामाला त्यांचा शब्द होता ‘कंट्रोल’.

त्यांच्या उत्तरामागे मोठा इतिहास होता. 1859 साली व्हिक्टोरियातील थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने इंग्लंडहून मागवलेले रानससे आपल्या मळ्यात सोडले, ते शिकारीच्या हौसेसाठीच. पुढील काही दशकांत त्यांच्या संततीने खंडाचा मोठा भाग व्यापला. कोवळे अंकुर खाल्ले गेले, झुडपे पुन्हा उगवेनात, उघडी माती वाऱ्याने उडू लागली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने शेकडो मैल लांबीची कुंपणे घातली. 1950 साली सशांना मारणारा मिक्सोमा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. डासांनी तो नद्यांच्या खोऱ्यांतून दूरवर पोचवला. असंख्य ससे मेले. जे वाचले त्यांच्या पुढच्या पिढ्या अधिक चिवट निघाल्या. ‘हंटिंग’साठी आणलेला प्राणी असा ‘कंट्रोल’चा विषय झाला.

त्या रात्री मला घरी पत्र लिहायचे होते. आमचे घर कोकणातले, माळकरी. कोणते वाक्य लिहावे? मराठीच्या भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते: ‘त्यांनी ससा मारला’, ‘त्यांनी ससे मारले’. व्याकरणात आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. क्रियापदाचे रूप मारणाऱ्यावरून ठरत नाही, मरणाऱ्यावरून ठरते. ‘ससे मारले गेले’ असे लिहिले असते तर कर्ताच अदृश्य झाला असता. ‘त्यांनी ससे मारले’ हे खरे होते, पण अपुरे. दिवा मी धरला होता. शेवटी मी लिहिले, “आम्ही ससे मारले.”

आईचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. तिने लिहिले होते, “माकडांनी बाग ओरबाडली की आपणही राखणीला बसतोच. तुम्ही केलीत ती पारध नाही, राखण आहे.” तिने मला दोष दिला नव्हता, तिच्या अनुभवातला शब्द दिला होता. मला तो आवडला, तरी पुरता पटला नाही. राखण म्हटली की प्रश्न येतो, कोणाच्या जमिनीची? त्या भागातील नदी नकाशावर ‘डार्लिंग’ आहे. 1829 साली चार्ल्स स्टर्टने गव्हर्नर राल्फ डार्लिंग यांचे नाव तिला दिले. तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोक तिला ‘बाका’ म्हणतात, आणि ते स्वतः ‘बार्किंजी’, म्हणजे त्या नदीचे लोक. ससे आले त्याआधीच ही जमीन त्यांच्या हातून जाऊ लागली होती.

आपल्याकडेही शब्दांनी माणसांचे भवितव्य ठरवले आहे. राजांची ‘शिकार’ दिवाणखान्यातील चित्रांत मानाने मिरवली. ‘पारध’ करून पोट भरणारा पारधी मात्र ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मतः गुन्हेगार ठरला. तो कायदा 1952 साली रद्द झाला. शिक्का पुसायला त्याहून अधिक काळ लागतो आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हाच गुन्हा झाला, आणि रानडुकरांनी उभे पीक लोळवलेला शेतकरी आज ‘बंदोबस्त करा’ अशी मागणी करतो. त्याचे दुःख खरे आहे. ‘बंदोबस्त’ या शब्दात मरण दिसत नाही, हेही खरे आहे.

आपल्यापैकी अनेकजण शेती, नोकरी किंवा घर सांभाळून हा अभ्यास करत आहेत. आपल्या परिसरात अशी बातमी येईल तेव्हा तिच्यातील क्रियापदे एका कागदावर उतरवा: मारला, मेला, मारला गेला, ठार झाला, बंदोबस्त झाला. प्रत्येक वाक्यात कर्ता कोठे आहे ते शोधा. नसेल, तर तो कोणी वगळला आणि त्यात कोणाची सोय झाली, याचा विचार करा. प्रयोग ओळखणे हा परीक्षेतील दोन गुणांचा प्रश्न असेल. पण कर्ता ओळखणे ही आयुष्यभर उपयोगी पडणारी सवय आहे.