बागलाणात तीन दिवस

लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा झाली, गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली, की व्यापारी कुटुंबाला वर्षातून एकदा तीन-चार दिवसांची मोकळीक मिळते. त्या मोकळिकीचे आपण काय करतो? चार दिवसांत सहा तीर्थे, दोन थंड हवेची ठिकाणे आणि हजारभर किलोमीटरचा प्रवास. वृद्ध आईवडील गाडीतच बसून राहतात, मुले झोपेत दर्शन घेतात, आणि सूर्यास्ताचे भोजन रस्त्याच्या कडेला घाईघाईने उरकावे लागते किंवा नियमच मोडतो. सुटी संपते तेव्हा सारेच थकलेले असतात.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत आहेत. कोणत्या दिशेला किती अंतर जायचे, किती काळ कोणत्या क्षेत्रात राहायचे, याची मर्यादा आधी ठरवायची. डोंगरात सुटी आखताना याहून उपयुक्त सूत्र मला ठाऊक नाही. तीन दिवसांसाठी एकच मुलूख निवडावा आणि त्याबाहेर पाऊल टाकू नये. असा एक मुलूख नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे: बागलाण.

बागुल राजांवरून हे नाव पडले, असे सांगतात. नाशिकहून सटाणा, ताहाराबाद मार्गे सुमारे सव्वाशे किलोमीटरवर भिलवड गावापाशी मांगी-तुंगीची जोडशिखरे उभी आहेत. दोन्ही सुमारे 4300 फूट उंच. मैदानातून येताना पुष्कळ आधीपासून ती दिसू लागतात. राम, हनुमान, सुग्रीव, नील, महानील आदी 99 कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी निर्वाणकांडाची परंपरा आहे. बलभद्रांच्या तपाची कथाही याच डोंगराशी जोडलेली. कातळात कोरलेल्या गुहांतून तीर्थंकरांच्या आणि मुनींच्या प्रतिमा आहेत. अखंड पाषाणातील 108 फुटी भगवान ऋषभदेवांची मूर्ती मात्र आपल्या काळातली. गणिनीप्रमुख आर्यिका ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने 1996 मध्ये तिचा संकल्प झाला आणि प्रतिष्ठा फेब्रुवारी 2016 मध्ये. मूर्ती पाहून अनेक जण परततात. जुन्या गुहा न पाहताच परतणे हे मला फार अपुरे दर्शन वाटते.

पहिला दिवस केवळ पोहोचण्याचा ठेवावा. थंडीत या भागात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला भोजन आटोपलेले हवे. पायथ्याशी धर्मशाळा आणि भोजनशाळा आहे. तरी किती माणसे, कोणाचा कोणता नियम, हे आधी कळवून ठेवावे. डोलीची चौकशीही त्याच संध्याकाळी करावी, म्हणजे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सकाळी “तुम्ही खालीच थांबा” असे ऐकावे लागणार नाही. हे वाक्य घराघरांत किती सहज बोलले जाते! मुळात यात्रेची इच्छा पुष्कळदा त्यांचीच असते.

दुसऱ्या दिवशीची चढण हजारो पायऱ्यांची आहे, आणि येथे पच्चक्खाणाचा विचार करावाच लागतो. नवकारसी असणाऱ्याला सूर्योदयानंतर 48 मिनिटे पाणीही घेता येत नाही. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणून तरुणांनी पहाटेच्या उजेडात निघावे. वयस्करांनी नवकारसी पारून, उकळून गार केलेले पाणी सोबत घेऊन निघावे. डोंगरावरच्या टाक्याचे पाणी वापरलेच तर ते गाळून घ्यावे आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी त्याच टाक्यात सोडावी. मुलांना अहिंसेवर व्याख्यान देण्यापेक्षा एवढी एक कृती त्यांच्या हातून करवावी.

तिसरा दिवस वाटून घेता येतो. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी साल्हेर गाठावा: 1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला आणि कळसूबाईनंतरचे दुसरे उंच शिखर. 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना येथे उघड्या मैदानावर हरवले. 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत साल्हेरही आहे. माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे. चढउतारास पूर्ण दिवस लागतो. संध्याकाळच्या भोजनाची वेळ साधायची तर अंधार सरताच निघावे लागेल.

बाकीच्यांनी मुल्हेरला उद्धव महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन मोसम नदीकाठी हिंडावे. व्यापाऱ्याने पाहावी अशी एक व्यवस्था या खोऱ्यात शेकडो वर्षे चालत आली: फड बागायत. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी जमीन शक्यतो प्रत्येक फडात. पाणी कमी पडले तर एखादा फड पडीक ठेवतात, म्हणून तोटा एकाच्या माथी न पडता सर्वांत विभागला जातो. पाणी फिरवणाऱ्या पाटकऱ्याला मोबदला धान्यात मिळे, तंटे पंच मिटवत. आज पुष्कळ ठिकाणी ही घडी विस्कटली आहे. विहिरी आणि पंप आले, डाळिंबे आणि द्राक्षे आली. तरी बांधावर भेटलेल्या एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला विचारावे. भागीदारीच्या व्यवहाराविषयी दोन गोष्टी ऐकायला मिळतील.

घरातली तरुण मंडळी म्हणतील, पावसाळ्यातच जाऊ, तेव्हा धबधबे असतात. डोंगर तेव्हा सुंदर दिसतात, हे खरे. परंतु वाटेवर पाय ठेवायला निर्जीव जागा सापडणार नाही. साधू-साध्वी चार महिने विहार थांबवतात तो याचसाठी. श्रावकाला तसे बंधन नाही, पण कारण त्यालाही तेच लागू आहे. चातुर्मास संपल्यावर गवत पिवळे पडलेले असते, हवा स्वच्छ असते आणि मांगीवरून साल्हेरपर्यंतची रांग नीट दिसते. मे महिना टाळावा; तापलेल्या कातळावर अनवाणी चढणे वृद्धांना झेपत नाही.

परतीला चौथ्या सकाळी पूजा आणि न्याहारी करून निघावे. वाटेत सटाण्याच्या बाजारात डाळिंबे घ्यावीत. मोसम असेल तर द्राक्षेही. नाशिक दुपारीच लागते, आणि संध्याकाळचे जेवण आपल्या घरी, उजेडात होते.